शिंद्यांचे कंपू आणि कंपनीचा जाहीरनामा, १८०३: भाडोत्री अधिकाऱ्याचे इमान त्याच्या मित्रांविरुद्ध विकत घेता येते का?

प्रकरणाचा विषय

१८०३ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेतील बहुतेक युरोपीय अधिकारी एकामागून एक नोकरी सोडून गेले. काहींनी ईस्ट इंडिया कंपनीचे वेतन स्वीकारले, काहींनी सुखरूप परतीची हमी मिळवली आणि एकाने तर ज्या किल्ल्याच्या वाटा त्याला नोकरीत असताना कळल्या होत्या, त्याच किल्ल्याच्या दरवाजापर्यंत इंग्रजांना नेऊन पोचवले. उत्तर हिंदुस्थान शिंद्यांच्या हातून गेला त्याची कारणे सांगताना ‘गोरे अधिकारी फितूर झाले’ हे वाक्य मराठी लेखनात वारंवार येते. ते खोटे नाही, पण फार ढोबळ आहे. ‘फितूर’ या एका शब्दाखाली तीन-चार अगदी वेगळ्या वागणुकी झाकल्या जातात, आणि मुख्य प्रश्नाचे उत्तर नेमके त्या वेगळेपणात आहे.

या लिखाणात त्या तीन महिन्यांतील निर्णय क्रमाने मांडले आहेत. भर दोन माणसांवर आहे: फौजेचा सेनापती पेरॉन आणि त्याच्या हाताखालचा पंचवीस वर्षांचा अधिकारी जेम्स स्किनर.

पार्श्वभूमी

महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये सॅव्हॉयहून आलेल्या द बॉयन या अधिकाऱ्याला नोकरीत घेतले, तेव्हा त्याच्याकडे फक्त दोन पलटणी उभ्या करण्याचे काम होते. पुढील दहा वर्षांत त्या दोन पलटणींचे कंपू, म्हणजे अनेक पलटणींच्या ब्रिगेडी, झाले. युरोपीय पद्धतीची कवायत, एकसारखी बंदूक, प्रत्येक पलटणीबरोबर स्वतःचा तोफखाना आणि जखमी शिपायांची सोय अशी ही व्यवस्था होती. १७९० साली पाटण आणि मेडता येथे या फौजेने राजपूत सैन्याचा जो पराभव केला, त्यानंतर उत्तरेत तिच्यासमोर उभे राहील असे एतद्देशीय सैन्य उरले नाही.

या व्यवस्थेच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे नियमित पगार. त्या काळच्या फौजांमध्ये शिपायांचे वेतन महिनोन्‌महिने थकत असे आणि धरणे धरल्याशिवाय ते हाती पडत नसे. महादजींनी दुआबातील, म्हणजे गंगा-यमुनेमधला, सुपीक मुलूख या फौजेच्या खर्चासाठी जायदाद म्हणून स्वतंत्र तोडून दिला आणि त्याचा वसूल थेट सेनापतीच्या हाती ठेवला. शिपायाला वेळच्या वेळी पगार मिळू लागला, पण सेनापती मात्र आपल्या धन्यापेक्षा जास्त रोख रक्कम हाताळू लागला. दुसरी गोष्ट म्हणजे एक अट. आपण कंपनीविरुद्ध शस्त्र उचलणार नाही, असे द बॉयनने नोकरीत शिरतानाच ठरवून घेतले होते. महादजींना त्या वेळी इंग्रजांशी लढायचेच नव्हते, त्यामुळे ही अट त्यांना महाग पडली नाही.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे वारले. त्यांचे वारस दौलतराव तेव्हा पोरवयाचे होते. द बॉयनने १७९५ च्या अखेरीस नोकरी सोडली. जाताना त्याने दौलतरावांना दिलेला सल्ला असा सांगितला जातो की, इंग्रजांशी लढण्याचा प्रसंग आलाच तर त्यापेक्षा पलटणी मोडून टाकाव्यात. त्याच्या जागी आलेला पेरॉन हा फ्रेंच आरमारातून खलाशी म्हणून हिंदुस्थानात आलेला मनुष्य. कानौडच्या वेढ्यात त्याचा एक हात गेला होता, १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत तो शिंद्यांच्या बाजूने होता, आणि शिपाईगिरीत तो कोणाला कमी नव्हता. अलीगढला ठाण मांडून तो जायदादीचा वसूल, बादशहाच्या दिल्लीवरची देखरेख आणि चार-पाच कंपूंची सेनापतिगिरी एकट्याच्या हाती ठेवून होता.

या फौजेत साध्या शिपायांची भरती अयोध्या, दुआब आणि रोहिलखंडातून होत असे. अधिकारी मात्र फ्रेंच, इंग्रज, स्कॉटिश, आयरिश, हनोव्हरचे जर्मन आणि मिश्र रक्ताचे असे नाना तऱ्हेचे होते. मिश्र रक्ताच्या तरुणांना हे एकच दार उघडे होते, कारण १७९१ आणि १७९५ च्या आदेशांनी कंपनीने आपल्या फौजेतील अधिकारपदे त्यांना बंद केली होती. जेम्स स्किनर त्यांपैकी एक. बाप कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत. दरमहा दीडशे रुपयांवर तो शिंद्यांच्या नोकरीत लागला.

त्याच्याबद्दलची एक हकिकत इथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील निर्णय तिच्याशिवाय समजत नाही. १८०० साली उनियारा येथील लढाईत त्याची पलटण कापली गेली आणि स्किनर गोळी लागून रणांगणावर पडला. दोन रात्री तो तिथेच होता. जवळच तुटलेल्या पायाचा एक राजपूत सुभेदार पडला होता. तहानेने सगळे कासावीस झाले असताना भाकरी आणि पाणी घेऊन एक चांभार म्हातारी तिथे आली. स्किनर आणि इतर जखमी पाणी प्याले. सुभेदाराने मात्र ते नाकारले. आता थोड्या घटका उरल्या आहेत, तेवढ्यासाठी धर्म कशाला सोडू, असे त्याचे म्हणणे होते. अशा ठिकाणी जी नाती जुळतात, त्यांचा पगारपत्रकाशी संबंध नसतो. स्किनर नोकर शिंद्यांचा होता, पण त्याचे मित्र हे असे लोक होते.

पेच

१८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि शिंदे, भोसले व इंग्रज यांच्यातील युद्ध जवळपास अटळ झाले. गव्हर्नर जनरल वेलस्लीला रणांगणाआधी शिंद्यांच्या कंपूंचे बळ पोखरायचे होते. जुलै १८०३ मध्ये त्याने कंपनीचा सेनापती लेक याला पेरॉनशी बोलणे लावण्याची मुभा दिली. पुढे कलकत्त्याहून २९ ऑगस्ट १८०३ या तारखेचा जाहीरनामा निघाला: शिंदे आणि त्यांच्या साथीदारांच्या नोकरीतील ब्रिटिश प्रजाजनांनी ती नोकरी सोडावी, जे सोडतील त्यांच्या चरितार्थाची तरतूद कंपनी करील. न सोडणारा हा आपल्या राजाविरुद्ध लढणारा ठरणार होता, त्यामुळे मोबदल्यामागे धाकही होता.

पेच तिहेरी होता. दौलतरावांपुढे प्रश्न असा की, ज्यांचे देशबांधव शत्रूपक्षात आहेत अशा अधिकाऱ्यांवर किती विसंबावे. पेरॉनपुढे प्रश्न असा की, धन्याचा भरवसा उडालेला असताना आणि आयुष्याची कमाई धोक्यात असताना लढावे की निघावे. आणि स्किनरसारख्यांपुढचा प्रश्न सर्वांत अवघड होता: जाहीरनाम्याने ज्यांना ‘आपले’ म्हटले त्या इंग्रजांनी त्याला आजवर आपले मानले नव्हते, आणि ज्यांना तो आपले मानत होता त्यांनाच त्याच्या कातडीच्या रंगाची भीती वाटू लागली होती.

पर्याय

दौलतरावांसमोर निदान चार वाटा होत्या. पेरॉनला पूर्ण पाठिंबा देऊन त्याच्यावर लढाई सोपवणे ही पहिली. युद्धाआधीच त्याला सन्मानाने मोकळे करून सेनापतिपद दुसऱ्याकडे देणे ही दुसरी. युरोपीय अधिकारी ठेवूनही जायदादीचा वसूल आणि किल्ले त्यांच्या हातून काढून घेणे ही तिसरी. चौथी वाट म्हणजे अनुभवी हिंदुस्थानी सुभेदार आणि कुमेदान (पलटणीचे प्रमुख) यांना वर चढवून पलटणी त्यांच्या हवाली करणे. यांपैकी कोणतीही एक वाट धरून ठेवली असती तरी निभावले असते, असे माझे मत आहे. प्रत्यक्षात पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये महिनोन्‌महिने हेलकावे खाण्यात वेळ गेला.

याचे मूळ जुने होते. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनीजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा दौलतरावांनी पेरॉनकडे मदतीचा तगादा लावला होता आणि पेरॉनने आपले कंपू उत्तरेतच ठेवून टाळाटाळ केली होती. १८०२ च्या वसंतात पेरॉन उज्जैनीच्या दरबारात गेला तो आपल्या सशस्त्र अधिकाऱ्यांच्या गराड्यात, कारण तिथे आपला घात होईल अशी त्याला धास्ती होती. धनी आणि सेनापती एकमेकांना असे भेटत असतील, तर बाहेरच्याने पुढे केलेली थैली ही फार तर निमित्त ठरते. पुढे पेरॉनच्या जागी अंबूजी इंगळे यांची नेमणूक करण्याचे ठरले, आणि ती बातमी पेरॉनला पोचली तेव्हा लेकची फौज त्याच्या मुलखात शिरलेली होती.

पेरॉनपुढील पर्याय तुलनेने सरळ होते. लढून कीर्ती राखावी, फौज इंग्रजांच्या हवाली करून किंमत घ्यावी, किंवा नुसते बाजूला व्हावे. वेलस्लीला दुसरा पर्याय हवा होता. पेरॉनने तो घेतला नाही, ही बाब त्याच्या टीकाकारांनी नीट नोंदवलेली नाही.

निर्णयाचा पहिला क्षण: अधिकाऱ्यांची हकालपट्टी

युद्धाचे वारे वाहू लागताच फौजेतील काही ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पेरॉनला कळवले की, आपण देशबांधवांविरुद्ध लढणार नाही. हे उघडपणे आणि वेळेवर सांगितलेले होते. याला उत्तर म्हणून पेरॉनने केवळ त्यांनाच नव्हे, तर सगळ्याच ब्रिटिश आणि मिश्र रक्ताच्या अधिकाऱ्यांना सरसकट नोकरीतून काढले.

माझ्या दृष्टीने हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि त्यात इंग्रजांचा एक रुपयाही खर्च झालेला नाही. काढलेल्यांत राहू इच्छिणारे होते, आणि राहण्याची परवानगी मागणारेही होते. कोण जाईल आणि कोण राहील हे विचारून पाहण्याऐवजी पेरॉनने जन्मावरून निवाडा केला. ज्या तारखेचा जाहीरनामा कलकत्त्याहून निघाला, त्याच दिवशी, २९ ऑगस्टला, शेकडो कोस दूर, अलीगढच्या लगत असलेल्या कोइलजवळ लेक आणि पेरॉन यांची गाठ पडली. म्हणजे अधिकाऱ्यांना बाहेर काढण्याचे काम जाहीरनामा त्यांच्या हाती पडण्याआधीच उरकले होते. देऊ केलेल्या रकमेची कुणकुण आधीपासून असणारच. तरी क्रम महत्त्वाचा आहे. आधी अविश्वास आला, मोल नंतर आले.

निर्णयाचा दुसरा क्षण: कोइलच्या वाटेवरची भेट

कोइलजवळच्या त्या चकमकीत पेरॉनचे घोडदळ फारसे न लढताच हटले. काढून टाकलेला स्किनर त्याच दिवशी घोडा पिटाळत पेरॉनला गाठायला गेला. स्किनरने उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणींनुसार पेरॉन त्याला गोंधळलेला आणि खचलेला दिसला. सारे संपले आहे, तू इंग्रजांकडे जा आणि स्वतःचे वाटोळे करून घेऊ नकोस, असे पेरॉन त्याला म्हणाला. स्किनरने उलट विनवले की फौज पुन्हा गोळा करू, उभे राहू, तुमच्यासाठी लढणारे पुष्कळ आहेत. पेरॉन मान हलवत राहिला. मला भरवसा नाही, तुम्ही सगळे जाल, एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तेव्हा संतापलेल्या स्किनरने त्याला सुनावले की, तसे असेल तर बेइमान तुम्हीच आहात. शेवटी त्याला सैतानाच्या हवाली करून तो वळला.

ही हकिकत एकाच बाजूची आहे आणि ती पुष्कळ वर्षांनी सांगितलेली आहे. इंग्रजांच्या नोकरीत नाव कमावलेल्या माणसाने आपली जुनी निष्ठा उजळून सांगितली असेल, अशी शंका घेता येते. पण ही शंका फार ताणता येत नाही, कारण इंग्रजांच्या राज्यात ‘मी शेवटपर्यंत तुमच्याविरुद्ध लढायला तयार होतो’ असे सांगून स्किनरला काही मिळणार नव्हते. शिवाय पुढची वागणूक याच्याशी जुळते.

पेरॉनने ७ सप्टेंबरच्या सुमारास लेककडे आपल्याला कुटुंब आणि चीजवस्तूंसह कंपनीच्या मुलखातून जाऊ द्यावे अशी मागणी केली. ती मान्य झाली आणि तो लखनौकडे निघून गेला. फौज त्याने कोणाच्या हवाली केली नाही, शिंद्यांविरुद्ध बंदूकही उचलली नाही. पुढे तो फ्रान्सला परतला आणि १८३४ मध्ये वारला.

निर्णयाचा तिसरा क्षण: अलीगढचा दरवाजा

४ सप्टेंबर १८०३ च्या पहाटे इंग्रजांनी अलीगढच्या किल्ल्यावर हल्ला केला. भोवती रुंद आणि खोल खंदक, आत शिरायची वाट एकच आणि तीही वळणावळणाची, एकापाठोपाठ एक दरवाजे. या हल्ल्यात वाट दाखवायला पुढे होता तो लुकान नावाचा अधिकारी, जो थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांच्या नोकरीत होता. किल्ला तासाभरात पडला आणि आतल्या शिबंदीची प्रचंड कत्तल झाली.

मुख्य प्रश्नाचे निःसंदिग्ध होकारार्थी उत्तर देणारे उदाहरण हे एवढेच. लुकान नुसता निघून गेला नाही. ज्यांच्याबरोबर त्याने त्या किल्ल्यात दिवस काढले त्यांच्यावर तो इंग्रजांना घेऊन आला. त्याला कंपनीने बक्षीस आणि नोकरी दिली, आणि पुढल्याच वर्षी होळकरांसमोर झालेल्या इंग्रज अधिकारी मॉन्सनच्या माघारीत त्याचा अंत झाला. लेकसारख्या सेनापतीला एक माणूस पुरला, हे खरे. फितुरीचे हेच गणित भयंकर असते: शंभर जण निष्ठेने राहिले तरी वाट दाखवायला एकच लागतो. पण एका लुकानवरून सगळ्यांचा निवाडा करणे म्हणजे पेरॉनचीच चूक पुन्हा करणे होय.

निर्णयाचा चौथा क्षण: स्किनरची अट

पेरॉनने हाकलल्यावर स्किनरचा विचार दौलतरावांकडे दक्षिणेत जाण्याचा होता. तो पार पडला नाही आणि अखेर तो लेकच्या छावणीत पोचला. ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ पटपडगंजच्या मैदानात शिंद्यांच्या कंपूंचा पराभव झाला. तिथला फ्रेंच सेनापती बुर्कँ तीनच दिवसांनी आपल्या साथीदारांसह लेकच्या स्वाधीन झाला. यानंतर पेरॉनच्या हिंदुस्थानी घोडदळापैकी सुमारे दोन हजार स्वार इंग्रजांकडे आले. तुम्हाला सरदार कोण हवा, असे त्यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी ‘सिकंदर साहेब’ असा गजर केला. स्किनरला ते याच नावाने ओळखत.

लेकने त्याला हे स्वार देऊ केले. नोकरी नसलेला, पैसा नसलेला, कंपनीच्या नियमाप्रमाणे अधिकारपद मिळणे अशक्य असलेला हा तरुण. त्याने ते लगेच घेतले असते तर कोणी नवल केले नसते. त्याने एक अट घातली: आपल्याला जुन्या धन्याविरुद्ध, शिंद्यांविरुद्ध, लढायला पाठवू नये. लेकने ती मान्य केली. पिवळ्या अंगरख्याचे हे स्वार पुढे ‘स्किनरचे रिसाले’ म्हणून प्रसिद्ध झाले, आणि भारतीय सैन्यात ही रेजिमेंट आजही आहे.

या अटीकडे मी विशेष लक्ष वेधतो. द बॉयनने महादजींशी करार करताना कंपनीविरुद्ध न लढण्याची अट घातली होती. स्किनरने कंपनीशी करार करताना शिंद्यांविरुद्ध न लढण्याची घातली. दोघांनीही आपली तलवार विकली आणि दोघांनीही तिची एक दिशा विक्रीतून वगळून ठेवली. फरक असा की द बॉयनच्या अटीने त्याच्या भावी सुरक्षिततेचे रक्षण होत होते. स्किनरच्या अटीत त्याचा स्वतःचा काहीच फायदा नव्हता. उलट ज्याच्या दारात तो उभा होता त्याची मर्जी जाण्याची भीती होती.

अधिकारी गेल्यावर शिपाई

आता या प्रकरणातील ज्या भागाकडे सर्वांत कमी पाहिले जाते तो भाग. गोरे अधिकारी गेले. शिपायांचे काय झाले? तेही पोटार्थीच होते. शिंद्यांच्या घराण्याशी त्यांचे ना जातीचे नाते होते, ना मुलखाचे. निष्ठा ही केवळ पगाराची बाब असेल, तर धनी दूर आहे, सेनापती पळाला आहे, आणि पुढच्या महिन्याचा पगार कोण देणार हे कोणाला ठाऊक नाही, अशा स्थितीत ही फौज वितळून जायला हवी होती.

तसे झाले नाही. आग्र्याच्या किल्ल्यातील शिबंदीने आपले युरोपीय अधिकारी फितूर होतील या संशयाने त्यांनाच कैद केले. २३ सप्टेंबरला दक्षिणेत असईच्या मैदानावर, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात, शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळ कापले जाईपर्यंत हटले नाहीत. इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही जण उठले आणि त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या. गव्हर्नर जनरलचा भाऊ आर्थर वेलस्ली याच्या सैन्याचे दीड हजारांहून अधिक लोक त्या एका दिवशी मेले किंवा जखमी झाले. तिथल्या कंपूंचा हनोव्हरी सेनापती पोलमन पुढे कंपनीच्या नोकरीत गेला. तोफेजवळ पडलेल्या गोलंदाजांना मात्र मागे कोणी जाहीरनामा वाचून दाखवला नाही.

आणि मग १ नोव्हेंबरला अलवारच्या मुलखात लासवारी. दक्षिणेतून आलेल्या पलटणी आणि दिल्लीहून निसटलेल्या तुकड्या तिथे एकत्र आल्या होत्या. त्यांचा फ्रेंच सेनापती दुद्रनेक आधीच लेकच्या स्वाधीन झाला होता. एकही नावाजलेला युरोपीय अधिकारी उरला नसताना, हिंदुस्थानी सरदारांच्या हाताखाली, या पलटणी तोफा साखळीने एकमेकींना जोडून उभ्या राहिल्या आणि जागच्या जागी संपल्या. लढाईनंतर लेकने गव्हर्नर जनरलला लिहिलेल्या खासगी पत्रात कबूल केले की, इतक्या बिकट प्रसंगात तो आयुष्यात कधी सापडला नव्हता, हे लोक वीरांसारखे लढले, आणि त्यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती.

याला अपवादही होते आणि ते लपवणे बरोबर नाही. आग्र्याबाहेर १० ऑक्टोबरला पराभव झाल्यावर उरलेले सुमारे अडीच हजार शिपाई कंपनीकडे आले. ते आले ते हरल्यावर, सुटकेची वाट बंद झाल्यावर आणि एकत्र, पलटणीच्या पलटणी. सुटे सुटे फुटून ते गेले नाहीत. गेले तरी मित्रांसह गेले, हे इथे लक्षात घ्यावे लागते.

परिणाम

३० डिसेंबर १८०३ रोजी अमरावतीजवळ सुर्जी-अंजनगाव येथे दौलतरावांनी तह केला. दुआब, दिल्ली, आग्रा, अहमदनगर आणि भडोच हातचे गेले. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांच्या, विशेषतः फ्रान्सच्या, लोकांना नोकरीत ठेवणार नाही असे कलमही त्यांना मान्य करावे लागले. ज्या युरोपीय अधिकाऱ्यांनी त्यांना अडचणीच्या वेळी सोडले होते त्यांना पुन्हा न ठेवण्याची अट इंग्रजांनी घालावी, यावरून त्या अधिकाऱ्यांची किंमत इंग्रज काय करत होते हे दिसते.

त्याच प्रश्नाला यशवंतराव होळकरांनी दिलेले उत्तर वेगळे होते. १८०४ मध्ये इंग्रजांशी त्यांचे बिनसले तेव्हा आपल्या नोकरीतील विकर्स, डॉड आणि रायन या तीन ब्रिटिश अधिकाऱ्यांवर संगनमताचा संशय घेऊन त्यांनी त्यांचा शिरच्छेद केला. त्यांतील विकर्सने दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, पुण्याच्या लढाईत होळकरांना विजय मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला होता. यामुळे फितुरीला आळा बसला असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. इतर अधिकाऱ्यांनी त्यातून एवढाच बोध घेतला असणार की लवकर निघावे.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट महादजींच्या काळातली आहे. द बॉयनची अट त्या वेळी निरुपद्रवी होती, पण ती व्यक्तीपुरती न राहता सगळ्या अधिकारीवर्गाची रीत झाली, आणि दौलतरावांनी ती कधी तपासून पाहिली नाही. १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहाची बातमी येताच प्रत्येक अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारता आला असता: इंग्रजांशी प्रसंग आला तर तू काय करशील? जे ‘नाही’ म्हणाले असते त्यांना हिशेब चुकता करून आठ महिने आधी मोकळे करता आले असते आणि त्यांच्या जागी माणसे तयार करता आली असती. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ऐन वेळीसुद्धा प्रामाणिकपणे सांगितले, त्यावरून आधी विचारले असते तर आधीही सांगितले असते असे मानायला जागा आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. पगार शिपायाच्या हाती वेळेवर पडावा म्हणून वसूल सेनापतीकडे दिला, हे शहाणपण होते. पण त्यावर धन्याचा कारकून बसवला नाही, हा गलथानपणा होता. पेरॉनला घालवण्यासाठी कोणाला त्याला लाच द्यावी लागली नाही, कारण त्याची कमाई त्याला आधीच मिळालेली होती. फक्त ती सुखरूप बाहेर नेण्याची हमी देणारा हवा होता, आणि अशी हमी त्या वेळी कंपनीच देऊ शकत होती.

तिसरी गोष्ट, मला सर्वांत जास्त टोचणारी. लासवारीला ज्या हिंदुस्थानी अधिकाऱ्यांनी पलटणी लढवल्या, ते काही त्या सकाळी आकाशातून पडले नव्हते. वर्षानुवर्षे ते याच कंपूंत सुभेदार म्हणून राबले होते. कवायत त्यांना येत होती, शिपाई त्यांचे ऐकत होते. तरीही युरोपीय अधिकाऱ्याशिवाय कवायती फौज चालत नाही ही समजूत शिंद्यांच्या दरबारात इतकी पक्की होती की, गोरे गेल्याखेरीज या माणसांना संधी मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा पदरी असलेली फौज निम्मीही उरली नव्हती. आपल्याकडे पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे उदाहरण होते. अब्दालीकडून फोडण्याचे प्रयत्न होऊनही तो भाऊसाहेबांच्या बाजूने शेवटपर्यंत राहिला आणि त्याची किंमत त्याने प्राणांनी दिली. हा दाखला दरबारातील कारभाऱ्यांना तोंडपाठ असणार. त्याचा उपयोग मात्र कोणी केला नाही.

राहिला स्किनर. त्याला ठेवून घेतले असते तर १८०३ चा निकाल फिरला असता असे मी म्हणणार नाही. तो एक पंचवीस वर्षांचा कप्तान होता. पण त्याच्यामागे दोन हजार स्वार जायला तयार होते, आणि ते स्वार शिंद्यांचे होते. त्याच्यासारखे आणखी किती जण त्या सरसकट हकालपट्टीत गेले, आणि त्यांच्यामागे किती माणसे गेली, याचा विचार पेरॉनने केला नाही आणि दौलतरावांच्या कानावर तो पोचला नाही.

आता मूळ प्रश्न. या प्रकरणातील जवळपास सगळ्या भाडोत्री अधिकाऱ्यांकडून कंपनीला मोलाने मिळाली ती त्यांची गैरहजेरी. ते धन्यापासून तुटले. मित्रांवर उलटून तुटून पडण्याइतके बदलले नाहीत. लुकान उलटला. पेरॉन, बुर्कँ, दुद्रनेक निघून गेले. स्किनर हाकलला गेला आणि दुसरीकडे गेल्यावरही जुन्या मिठाला जागण्याची मुभा त्याने मागून घेतली. त्या मुभेची खरी कसोटी मात्र लागली नाही. तह होईपर्यंत त्याच्या स्वारांना दुआबातील बंदोबस्ताची कामे मिळत राहिली, त्यानंतरच्या मोहिमा होळकरांविरुद्ध झाल्या, आणि पुढे १८१७ साली कंपनी पुन्हा मराठ्यांवर चालून आली तेव्हा दौलतरावांनी न लढताच करारावर सही केली. शिंद्यांची पलटण समोर उभी आहे आणि लेकचा हुकूम हातात आहे, असा दिवस स्किनरच्या आयुष्यात आला नाही. आला असता तर त्याने काय केले असते हे त्याच्या अटीवरून अनुमानाने सांगता येते, पुराव्याने नाही.